शब्दचर्चा: ‘मात्रा’ की ‘प्रमाण’?

प्रश्न: दृष्टिपटलाच्या अँजिओग्राफीवरील मजकुरात ‘फ्लुओरेसीनची मात्रा ३ मिली’ असे वाचले (फ्लुओरेसीन म्हणजे शिरेत टोचायचा रंग; त्याने डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची चित्रे काढतात). इथे ‘मात्रा’ योग्य की ‘प्रमाण’?

उत्तर: शब्द योग्य आहे, माहिती अर्धी आहे. मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगायची. १० टक्के द्रावणाचे ५ मिली आणि २५ टक्क्यांचे २ मिली, दोन्हीकडे मात्रा ५०० मिलिग्रॅमच. २० टक्क्यांचे ३ मिली म्हणजे ६००. टक्के सांगतात ती ‘संहती’. ‘प्रमाण’ दोहोंनाही चिकटते, म्हणून नको. शिवाय ‘मात्रा’ औषधातलाच शब्द आहे. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळतात, वळसे मोजून.

दुसरे उत्तर: ‘दिलेली मात्रा’ आणि ‘पोचलेली मात्रा’ असा भेदही हवा. सुई शिरेतून निसटली तर कागदावर ५०० राहतात, दृष्टिपटलाला फारच थोडे मिळते. टोचल्या जागी आग होते, सूज येते, आणि चित्र फिके.

मात्रा पुरी पोचूनही चित्र बिघडते ते ‘बोलस’मुळे, म्हणजे एका दमात टोचलेल्या रंगाच्या वेगामुळे. मराठीत ‘झोत’ म्हणावे. ‘गोळा’ अगदीच विचित्र वाटतो. ५ ते १० सेकंदांत दिलेला रंग एकगठ्ठा जातो आणि दंडापासून डोळ्यापर्यंत साधारण १० ते १५ सेकंदांत पोचतो. रेंगाळत दिला तर पहिला रंग नीलांत उतरला तरी मागचा धमन्यांत येतच असतो. धमनी-अवस्था वेगळी टिपताच येत नाही. फार घाईने दिला तर मळमळ वाढते, रुग्ण कॅमेऱ्याच्या टेकूवरून हनुवटी काढून घेतो आणि नेमक्या मोलाच्या चौकटी हुकतात.

प्रश्न: मग मात्रा वाढवली की चित्र सुधारते, हे चूक?

उत्तर: सरसकट चूक. मोतीबिंदूचा धूसरपणा किंवा न फुललेली बाहुली यांवर ही मात्रा चालत नाही. रंग जास्त आणि कॅमेऱ्याचा गेनही (उजळपणा वाढवण्याची पातळी) चढा असेल, तर केशवाहिन्या पांढऱ्या पट्ट्यात विरघळतात. कॉन्फोकल लेझर कॅमेऱ्याला (लेझरने बिंदू-बिंदू टिपणाऱ्या) कमी मात्राही पुरते.

पुरवणी: रंगाच्या उजळण्याला ‘चमक’ मात्र लिहू नका. चमक म्हणजे परावर्तन. निळा प्रकाश, सुमारे ४९० नॅनोमीटर, शोषून हिरवा, सुमारे ५२० चा, सोडणे हे ‘अनुस्फुरण’; ‘प्रतिदीप्ती’ही चालेल. हे दोन प्रकाश वेगळे ठेवणारे कॅमेऱ्याचे फिल्टर झिजले असतील तर रंग देण्याआधीच्या चित्रातही उजळ डाग दिसतात, ते ‘खोटे अनुस्फुरण’. संहतीचा खेळ तर साध्या डोळ्यांना दिसतो: कुपीतले द्रावण गडद नारिंगी, त्याचाच थेंब पेलाभर पाण्यात पडला की हिरवागार.