मदत हवी आहे : इतिहासाच्या ईमेल अभ्यासगटाला नियम कसे लावावेत? (ठाणे)

तलावपाळीकर

नमस्कार मंडळी. ठाणे आणि उत्तर कोकणच्या इतिहासावर आमचा एक ईमेल गट आहे. शिलाहार राजांचे कोरीव लेख, मोडी कागद, नाणी, जुने नकाशे असे विषय असतात. गट गूगल ग्रुप्सवर आहे, सभासद ६४. त्यात प्राध्यापक आहेत, मोडी वाचणारे आहेत, नाणी जमवणारे आहेत आणि काही एमएचे विद्यार्थीही. व्हॉट्सॲप मुद्दाम टाळलं, कारण तिथे चार महिन्यांपूर्वीचं काही हाती लागत नाही.

आता तक्रारी अशा :

१. 'वा, छान', 'अभिनंदन सर' यांतच खरी चर्चा बुडते.
२. डायजेस्ट (अनेक मेल एकत्र करून येणारा एकच मेल) घेणारे त्यालाच उत्तर देतात. विषय भलताच, आणि खाली आधीच्या मेलचं सगळं शेपूट.
३. फोटो जात नाहीत, किंवा गेले तर कुणाला उघडत नाहीत.
४. मेल थांबवला की 'माझं मत दाबलं' म्हणतात.
५. गटात झालेलं लेखांचं वाचन बाहेर फेसबुकवर विनानाव फिरतं.

मॉडरेटर दोघेच, दोघेही नोकरीवाले. तयार मसुदा नको, पण कशाने काय सुटतं ते जाणकारांनी सांगावं.

खाडीपल्याड

आधी सेटिंग, मग नियम. सेटिंगने जे होतं त्याचा नियम केला की पाळला जात नाही आणि उगाच वाईटपणा येतो.

तुमची पहिली तक्रार घ्या. उत्तर आपोआप कुणाकडे जावं हे गटाच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. ते 'फक्त लेखकाला' असं ठेवा. 'छान'वाले मेल मग लेखकाच्या इनबॉक्समध्ये जातील, तिथे ते हवेही असतात. ज्याला सगळ्यांना सांगायचंय तो जाणूनबुजून 'रिप्लाय ऑल' दाबेल. यात एक तोटा आहे : चांगली उत्तरंही खाजगीत राहतात. त्यावर जुन्या अभ्यासगटांची एक पद्धत आहे, ती कडक पाळा. ज्याने प्रश्न विचारला त्याने आठवड्याभरात आलेल्या उत्तरांचं संकलन करून, ज्याचं त्याचं नाव देऊन, गटावर टाकायचं. नाव घालण्याआधी उत्तर देणाऱ्याला विचारायचं. संकलन न टाकणाऱ्याचा पुढचा प्रश्न थांबवा.

डायजेस्ट : गूगलच्या एका डायजेस्टमध्ये २५ पर्यंत मेल पूर्ण मजकुरासह येतात. त्याला उत्तर दिलं की ते मूळ धाग्याला (त्या विषयावरच्या मेलच्या मालिकेला) जोडलं जातच नाही. अशांना सांगा की वाचायला डायजेस्ट ठेवा, उत्तर मात्र गटाच्या पानावर जाऊन त्या धाग्यातून द्या. विषयात 'डायजेस्ट' शब्द असलेला मेल न बघता परत पाठवा, इथे दयामाया नको.

जीमेलमध्ये विषय बदलला की धागा तुटतो. शंभराच्या वर मेल गेले तरी तुटतो. म्हणून चालू धाग्यात विषयाला हात लावायचा नाही, आणि नवा मुद्दा जुन्या धाग्यात घुसवायचा नाही. सुरुवातीला चौकोनी कंसात खूण ठेवा : [लेख], [मोडी], [नाणी], [सूचना]. चारच पुरेत. दहा केल्यात तर कोणती लावायची यावरच चर्चा होईल.

फोटो : जीमेलची मर्यादा २५ एमबी म्हणतात, पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे १८-१९ एमबीच्या पुढे ती अडकते. गटावर एकच छोटा फोटो, १ एमबीच्या आत, बाकी ड्राइव्हच्या लिंकने. लिंकची परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल' अशी करून, दुसऱ्या खात्यातून स्वतः उघडून बघायची. नाहीतर परवानगीच्या विनंत्यांचा पाऊस पडतो.

घोसाळेकर

वरच्यांशी +१. मी लेख आणि कागदांपुरतं लिहितो, कारण वाद तिथूनच पेटतात.

'एक शंका', 'ठाण्याचा ताम्रपट' असले विषय चालवून घेऊ नका. ठाण्याच्या नावाने एकाहून जास्त ताम्रपट ओळखले जातात. १७८७ मध्ये सापडलेला अरिकेसरी या शिलाहार राजाचा शक ९३९ चा, की दुसरा एखादा? विषयातच राजा आणि शक लिहा : '[लेख] अंबरनाथ, मुम्मुणि, शक ९८२ : शेवटच्या ओळीचं वाचन'. वाचणारा तिथेच ठरवतो की हे आपल्या कामाचं आहे की नाही.

मजकुरात चार गोष्टी नसतील तर मेल परत : मूळ वस्तू किंवा कागद कुठे आहे, आधी कुणी वाचलंय, ते कुठे छापलंय (पानासह), आणि आता पाठवलेलं वाचन स्वतःचं की उतरवलेलं. शिलाहारांच्या बाबतीत तर निमित्तच नाही. त्यांच्या लेखांचा मिराशींनी संपादित केलेला खंड १९७७ पासून उपलब्ध आहे. तो न बघता 'नवीन शोध' म्हणणाऱ्याला आधी तिकडे पाठवा.

सनावळीचा घोळ नेहमीचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सरसकट खरं नाही. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये पडणाऱ्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. त्यात लेखातलं वर्ष गत (सरलेलं) की वर्तमान (चालू) हा प्रश्न वेगळाच. म्हणून नियम असा : मूळ शक, महिना, तिथी जशीच्या तशी द्यायची आणि रूपांतर शेजारी वेगळं द्यायचं. नुसता '१०६०' लिहिला तर तो कुठून आला हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वाचनात अस्पष्ट अक्षर चौकोनी कंसात, तुमची दुरुस्ती गोल कंसात, गेलेलं अक्षर टिंबांनी. मनाने भरलेलं अक्षर कंसाविना लिहिणं हा या गटात सगळ्यात मोठा गुन्हा समजावा, शिवीगाळीपेक्षाही.

फोटोबद्दल अजून एक. खडू किंवा पीठ घासून अक्षरं उठवलेले फोटो घेऊच नका. दगडाला अपाय होतो तो वेगळा, पण तो फोटो म्हणजे घासणाऱ्याने केलेलं वाचनच असतं. शिलाहारांच्या काळच्या नागरी लिपीत च, व आणि ध इतके जवळचे असतात की खडूची एक रेघ निकाल लावून टाकते. बॅटरी बाजूला, दगडाला जवळपास समांतर धरा. तिरप्या उजेडात खोलगट रेघ आपोआप दिसते. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, शेजारी पट्टी ठेवून.

आणि मजकूर युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेला मजकूर समोरच्याला कचरा दिसतो, आणि शोधात कधीच सापडत नाही.

पामबीच

तक्रार ४ आणि ५ वर.

मॉडरेटरने अडवायचं ते रूपाला, मताला नाही. संदर्भ नाही, विषय चुकलाय, शेपूट कापलं नाही, व्यक्तीवर घसरलंय : एवढीच कारणं. 'हे मत चुकीचं आहे' हे कारण नाही. चुकीचं असेल तर गट बघून घेईल. मेल परत करताना कारणाचा नियम क्रमांक आणि काय केलं की जाईल हे एका ओळीत लिहा. २४ तासांच्या आत. दाबल्याची भावना नकारापेक्षा शांततेतून जास्त येते.

दुसऱ्याच्या मजकुरात स्वतः दुरुस्ती करू नका, शुद्धलेखनाचीही नाही. 'च'चा 'व' झाला तर मूळ मुद्दाच पालटतो. ज्या धाग्यात मॉडरेटर स्वतः वाद घालतोय तो धागा दुसऱ्याने बघायचा. दोघेच आहात, म्हणून हे लिहूनच ठेवा.

त्याच दोघांत दोनदा उत्तर-प्रत्युत्तर झालं की तिसऱ्याआधी ४८ तास थांबायचं. 'तुम्हाला अक्षर ओळखता येत नाही' हे परत. 'इथे उभी रेघ वरपर्यंत जाते, म्हणून व नसावा' हे चालतं.

बाहेर वापरणं : ईमेलमधल्या मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचाच असतो. गटावर टाकला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. नियम : लेखकाला विचारल्याशिवाय बाहेर उद्धृत करायचं नाही, परवानगी मिळाली तर नाव, गटाचं नाव आणि मेलची तारीख द्यायची. पुस्तकांचं उलट आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा देतो, पण अख्खं पुस्तक स्कॅन करून ६४ जणांना पाठवणं त्यात बसवणं कठीण. मुखपृष्ठ आणि लागतील ती पानं, बस.

नाणेवाल्यांसाठी दोन ओळी वेगळ्या. किंमत विचारायची नाही, खरेदी-विक्री नाही. आणि नवीन काही सापडलं तर गटावर नेमकी जागा टाकू नका, खणणारे तयारच असतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आधी तिकडे, मग गटावर.

तलावपाळीकर

खूप आभार. दोन उपप्रश्न. एक ज्येष्ठ सर आहेत, मोठा अधिकार, पण रोज तीन-चार फॉरवर्ड. त्यांचा मेल परत कसा करायचा? आणि कुणी रजेवर गेलं की 'मी कार्यालयात नाही' चे मेल गटावर येतात.

पामबीच

सरांना आपोआप जाणारा नकार नको. फोन करा. 'सर, तुमचा एक मेल तीन फॉरवर्डांखाली दबतो, विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतो' एवढं पुरतं. फॉरवर्डऐवजी त्यावर त्यांच्या चार ओळी मागा. बहुतेकदा त्या चार ओळीच मौल्यवान निघतात.

रजेवाल्यांना सभासद यादीत जाऊन 'ईमेल नको' वर ठेवा, काढून टाकू नका. परत आले की मागचं सगळं गटाच्या पानावर वाचता येईल. कायमचं बाहेर पडायची कृती मात्र स्वागताच्या मेलमध्येच लिहा, नाहीतर 'मला काढा' हा मेल ६४ जणांना जातो.

घोसाळेकर

आणि दिवाळीचं ठरवलंत का? नरक चतुर्दशीला पहाटे पाचपासून शुभेच्छांचे मेल सुरू होतात.

खाडीपल्याड

मॉडरेटरने आदल्या रात्री गटातर्फे एकच [सूचना] पाठवायची आणि तो धागा कुलूपबंद करायचा. बाकीच्या शुभेच्छा पेंडिंगमध्ये (मंजुरीच्या रांगेत) राहू द्या, पाडव्याला निवांत पुसा.