कसब्यातून पायी फिरवून रात्री घरीच जेवायला वाढायचं आहे – काय दाखवू, काय रांधू?

कसबेकरीण
नमस्कार मंडळी. लग्न होऊन पुण्याच्या कसबा पेठेत आले त्याला ३१ वर्षं झाली. आमचा वाडा निम्मा उरलाय, पण उभा आहे. लेकीने हट्ट धरलाय की बाहेरगावच्या लोकांना तू आपली पेठ पायी दाखव आणि शेवटी घरी आणून जेवायला घाल. येत्या शनिवारी पहिला गट येतोय: नागपूरची दोन जोडपी आणि बेळगावच्या दोन मैत्रिणी. सहाच, कारण स्वयंपाकघराबाहेरच्या सोप्यात पाट मांडले की सहाच बसतात.

मी ठरवलंय ते असं: शनिवारवाडा, लालमहाल, कसबा गणपती, तांबट आळी, सोमवार पेठेतला त्रिशुंड्या गणपती, मग नानावाडा, विश्रामबाग, तुळशीबाग. जेवायला मसालेभात, आळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी. सासूबाई म्हणतात, "हे लग्नाचं जेवण झालं, घरचं कुठे राहिलं?" त्यांचं पटतंय, पण पाहुण्यांना साधं वाढायला मन होत नाही. आणि दारात आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घ्यायचे हे फार जड जातंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पायी_भटकंती
ताई, मी अहमदाबादला असा फेरफटका केलाय. कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, सकाळचा. १९९७ पासून चालू आहे तो. सांगितलेल्या सनावळ्यांपैकी आज एकही आठवत नाही. लक्षात राहिलाय तो एका पोळमधला (तिथल्या जुन्या गल्लीवस्तीला पोळ म्हणतात) चबुतरा, पाखरांना दाणे टाकायचा खांब, आणि तिथे दाणे टाकणाऱ्या आजी. तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं गाळा. विश्रामबाग आणि तुळशीबाग लोक एरवीही बघतात. तुमच्या वाड्यात मात्र तुम्ही नेल्याशिवाय कोणाला शिरता येणार नाही.

सोमवारपेठी
काकू, वेळ बदला. संध्याकाळ झाली की तांबट आळीत हातोडे थांबतात. साडेचारला मेट्रोच्या कसबा पेठ स्टेशनापाशी भेटा, गणपतीचं दर्शन घ्या आणि थेट आळीत शिरा. कारागिरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, कामाच्या वेळेला सहा माणसं दारात उभी राहणार आहेत. आणि तिथे दहा मिनिटं कोणी बोलू नका. मठारकाम बघायचं असतं तसं ऐकायचंही असतं. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून बसतो, भांडं फिरत राहतं आणि मंद तांब्यावर टिकल्या टिकल्यांची चकाकी उमटत जाते. ती नुसती शोभा नाही, त्या ठोक्यांनी पत्रा टणक होतो.

त्रिशुंड्या मात्र गाळू नका. नागझरीचा ओढा ओलांडला की आलंच. काम सुरू झालं १७५४ मध्ये, सगळं काळ्या दगडात. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे इंग्रज शिपाई कोरलेत, ते उजेड असतानाच दाखवा. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती.

डोंबिवलीची_सुगरण
मी चार वर्षं घरी पंगती वाढते. पैशाचं ओझं बाळगू नका. आधीच घेऊन टाका, म्हणजे जेवताना तो विषयच निघत नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते, ती करून घ्या. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोण कांदा-लसूण खात नाही, हे आदल्या दिवशी विचारा. अडीच तास चालून आलेल्या माणसाला आधी हातपाय धुवायला पाणी लागतं, मग पन्हं किंवा ताक. ताट लगेच नको.

आणि तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. जिलबी हलवायाकडे मिळते. तव्यावरून थेट पानात येणारी भाकरी पाहुण्यांना कुठे मिळायची?

कसबेकरीण
शनिवार पार पडला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारवाडा आतून बघितला नाही. दिल्ली दरवाजासमोर उभं राहून फक्त दारावरचे ते टोकदार खिळे दाखवले. तांबट आळीत खरंच कोणी बोललं नाही. नागपूरच्या काकांनी शेवटी एक तांब्या विकत घेतला आणि घरी येईपर्यंत छातीशी धरून चालत होते. त्रिशुंड्यापाशी पोचेपर्यंत उजेड कमी झाला होता, पुढच्या वेळी आळीतून दहा मिनिटं लवकर निघेन.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, भरली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, काकडीची कोशिंबीर आणि शेवटी वरणभात, वर तूप-लिंबू. गोड काहीच नाही, नुसता गूळ. पिठलं दोनदा करावं लागलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. जेवणं उरकल्यावर बेळगावच्या मुलीने विचारलं की जिन्याच्या चौथ्या पायरीपाशी भिंतीचा रंग वेगळा का. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, एरवी नऊला झोपतात. त्या उठल्या, भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "इथपर्यंत पाणी होतं." १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या होत्या. ओरडा झाला तेव्हा हाताला लागलं ते घेऊन माडीवर पळाल्या, आणि हाताला लागली ती पिठाची परात. पाणी ओसरल्यावर खाली नुसता चिखल. शेजारच्या दोन घरांसह सगळ्यांच्या पोटात त्या दिवशी त्याच पिठाच्या भाकऱ्या गेल्या. मी ३१ वर्षं त्या घरात राहते, पाण्याची गोष्ट ऐकली होती, परातीची नव्हती.

परात अजून आहे. तांब्याचीच, काठाला एक पोचा आलेला. परवाच्या भाकऱ्यांचं पीठ मी तिच्यातच मळलं होतं.

पुढचा गट पंधरा दिवसांनी आहे. कल्हई फिकी पडलीये, त्याआधी करून घ्यायची आहे. कसब्यात नवसागर आणि कथील घेऊन बसणारा जुना कल्हईवाला अजून कोणाला माहीत असेल तर कळवा.