‘लेट’ एक नाही, दोन

प्रश्न असा: इंग्रजीत ‘लेट’ (let) म्हणजे होऊ देणं, मग पासपोर्टवर ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’, म्हणजे ‘कुठलीही आडकाठी न करता’, असं कसं? कारण मुळात ही दोन क्रियापदं आहेत. जुन्या इंग्रजीत ‘लॅटन’ म्हणजे सोडणं, जाऊ देणं आणि ‘लेत्तन’ म्हणजे अडवणं, खोळंबा करणं. आपल्या ‘गाडी लेट आहे’मधलं लेट या दुसऱ्याच्या नात्यातलं! पुढे दोन्हींचा उच्चार एकच झाला आणि अडवणारं क्रियापद मागे पडलं. कायद्याच्या भाषेत मात्र ते टिकलं, आणि टेनिसमध्येही: सर्व्हिस जाळीला घासून बरोबर चौकटीत पडली की पंच ‘लेट’ पुकारतात, ते हेच. भाड्याने द्यायच्या घरावरची ‘टू लेट’ची पाटी पहिल्याची, जागा वापरू देणं. परस्परविरोधी अर्थांचे दोन शब्द एकाच रूपात शेजारी नांदतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.