मदत हवी आहे: २०१३ चं बिटकॉइन वॉलेट, पासवर्ड आठवत नाही

नमस्कार मंडळी,

२०१३ मध्ये हॉस्टेलवरच्या मित्राकडून रोख पैसे देऊन ०.४ बिटकॉइन घेतले होते. बँकेशिवाय जगात कुठेही पैसे पाठवता येतात, याचंच तेव्हा अप्रूप. मग डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने सावध केलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानचं माउंट गॉक्स हे बिटकॉइन खरेदी-विक्रीचं एक्सचेंज बुडालं आणि मी घाबरून नाद सोडला. आईने तर "चिटफंडात गेले समज" म्हणून विषय संपवला.

आता दिवाळीच्या आवराआवरीत जुनी हार्ड डिस्क सापडली. तिच्यात वॉलेटची, म्हणजे बिटकॉइनच्या चाव्या ठेवलेली, फाइल आहे. बिटकॉइन कोअर या वॉलेट सॉफ्टवेअरमध्ये उघडली (ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही, उतरवायलाच चार दिवस गेले!), शिल्लक दिसतेय, पण पाठवायला पासवर्ड लागतो. शेवटी गाडीचा नंबर होता एवढं नक्की. कुठली गाडी, यावर घरात वाद आहे.

आठवतील ते शब्द वेगवेगळ्या जोड्यांनी लावून बघणारं सॉफ्टवेअर कुणी स्वतः वापरलंय का? इंटरनेट बंद ठेवून चालतं का? आणि विकलेच तर नफ्यावर ३० टक्के कर आहे हे माहितीये, पण पावती नसताना खरेदीची किंमत कशी दाखवायची?

"फाइल पाठवा, काढून देतो" असे मेसेज कृपया नकोत. दोन आधीच आलेत.