मुलगी 'गिफ्टेड' आहे का हे शाळा ठरवते तरी कशी?

तिसरीची_आई
मुलगी तिसरीत, सेमी इंग्लिश, नाशिक. घरी प्रश्न विचारून डोकं खाते, फ्रीजरचा आकडा बघून शून्याच्या खाली पण मोजता येतं हे तिचं तिनेच काढलं, पण शाळेत वह्या कायम अपूर्ण आणि मार्क ठीकठाक. आता शाळेने 'टॅलेंट बॅच' काढलीय, वर्गातली मुलं बाईंनी निवडली, त्यात हिचं नाव नाही. राग वगैरे नाही (बरं, थोडा आहे) पण निवडलं कशावरून विचारलं तर उत्तर काय, ओव्हरऑल परफॉर्मन्स. म्हणजे काय? आणि स्कॉलरशिप, नवोदय, प्रबोधिनी यांच्या परीक्षेत तरी हे कळतं का?

फळा_खडू
ताई, मी झेडपीचा शिक्षक, खरं सांगतो. बाईंनी निवडलं म्हणजे बहुतेक वेळा अक्षर चांगलं, गृहपाठ पूर्ण, वर्गात शांत बसतो तो हुशार. पटावर चाळीसच्या वर मुलं असली की दुसरं काही दिसतच नाही हो, आणि डीएडला हे कुणी शिकवलेलंही नसतं.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर दोन पेपर, 150-150 मार्कांचे, पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा 80 प्रश्नांची, त्यातले 40 नुसते आकृत्यांचे, तुटलेली आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा ओळखा वगैरे. कल्पना चांगली होती की जे शिकवलेलं नाही त्यात डोकं कसं चालतं ते बघायचं. पण आता वर्षभर सराव संच सोडवून घेतात त्यामुळे विसंगत पद ओळखा हाही पाठांतराचा विषय झालाय, निकालात कोण तल्लख आणि कोण घोटवलेला हे सांगणं अवघड. तरी मी नवोदयच्या बाजूनेच बोलेन, किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत आणि पास झालं की शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा पण विसरू नका, आठवीला असते, सरकारी-अनुदानित शाळेतल्या कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना, वर्षाला 12000 मिळतात.

मिरचीभजी
टॅलेंट बॅच = पुढच्या वर्षीच्या निकालाच्या फ्लेक्ससाठी फोटो आत्तापासून गोळा करणे. एवढंच.

फ्लोरिडाकर
इकडे गिफ्टेड म्हणून अधिकृत शिक्का असतो आणि त्याच्यावरून पालकांची मारामारी पण असते. आमच्या फ्लोरिडातच ब्रोवर्ड काउंटी म्हणून मोठा शाळा-जिल्हा आहे, तिथे आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवणार मग टेस्ट, अशी पद्धत होती. 2005 मध्ये त्यांनी दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची एक छोटी, शब्द नसलेली आकृत्यांची चाचणी घेतली, त्यात बरे निघाले त्यांनाच मग पुढची पूर्ण आयक्यू टेस्ट. तर गरीब, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या एकदम वाढली. कार्ड आणि जुलियानो या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याच्यावर पेपर लिहिलाय. म्हणजे ती मुलं आधीपासून वर्गात होतीच, त्यांचं नाव सुचवायला कुणी नव्हतं. नंतर पैसे कमी पडले तसं ते स्क्रीनिंग गुंडाळलं आणि आकडे परत खाली.
तुमच्या बाईंची निवड म्हणजे ब्रोवर्डची जुनी पद्धत, फक्त पुढची टेस्टसुद्धा नाही.

समुपदेशक_पुणे
ज्ञानप्रबोधिनीबद्दल विचारलंय म्हणून. संस्था 1962 ची, अप्पा पेंडशांची, आणि पुण्याची प्रशाला बुद्धिमान मुलांसाठीच काढलेली. पाचवीला प्रवेश, त्याआधी चाचण्या. तिथे गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मॉडेलचा आधार घेतात, म्हणजे बुद्धी हा एकच आकडा न धरता आठवण, तर्क, एका प्रश्नाला अनेक उत्तरं सुचणं हे वेगवेगळं बघायचं. शाळांच्या परीक्षांत हे शेवटचं कुठेच मोजलं जात नाही, चार पर्यायातला एक गोल काळा करण्यात ते मावतच नाही.

मुलीसाठी मात्र आधी एक गोष्ट बघा. वह्या अपूर्ण आणि तोंडी उत्तरं पक्की असं जमलं की मी लेखन-वाचनाची अडचण आहे का ते तपासून घेते. दोन्ही एकत्र असू शकतं, हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, मग मार्क येतात मधलेच आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एकेकट्या मुलाला समोर बसवून घ्यायच्या चाचण्या असतात, त्यातली बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी मराठीतून होते. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच करा, नेटवरची आयक्यू टेस्ट नको, आणि आकडा मुलीला सांगू नका.

तिसरीची_आई
@समुपदेशक हो, वाचते भराभर पण लिहायला बसली की अर्ध्या तासात चार ओळी. आम्ही आळस समजत होतो. पण समजा चाचणीत चांगलं आलं तर शाळेकडे मागायचं काय? वरच्या वर्गात ढकला म्हणू?

फळा_खडू
लगेच वर्ग बदलू नका. बाईंना म्हणा हिला जमलेल्या गणितांचा तोच तोच सराव नको, त्याऐवजी दोन अवघड द्या, आणि उत्तर तोंडी घ्या. रिपोर्ट हातात असला की बाई ऐकतात. हेडमास्तरांकडे आधी जाऊ नका, बाई दुखावतात.

मिरचीभजी
आणि फ्लेक्सवर फोटो मागू नका 😄