सोवळं सुटलं म्हणून भक्ती सुटते का?

काही जण म्हणतात की सोवळं-ओवळं न पाळता केलेली पूजा देवापर्यंत पोचत नाही. मला हे पटत नाही. गीतेच्या ९व्या अध्यायातला २६वा श्लोक पाहा: पान, फूल, फळ, पाणी. साहित्य एवढंच, पण त्या एका श्लोकात ‘भक्ती’ दोनदा येते. भागवताच्या ८व्या स्कंधातला गजेंद्र तर पशू, पाय मगरीच्या जबड्यात. सोवळं नाही, आसन नाही. सोंडेत एक कमळ उचलून त्यानं नारायणाला हाक मारली.

इंदूरला आमची आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होती. देवघरापर्यंत जाणं होईना. खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान उशाशी ठेवून ती विष्णुसहस्रनाम म्हणायची, मध्येच विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.