अप्पांच्या डोळ्याचं ओसीटी (पडद्याच्या थरांचा उजेडानं केलेला स्कॅन) काढलं, नुसत्या उजेडात आतलं दिसतं कसं?

पेठेतला_पक्या: काल अप्पांना डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलतं, शुगर जुनी हाय, पेपर वाचताना मधल्या ओळी वाकड्या दिसतात म्हणत होते. ओसीटी करायला लावलं, हनुवटी टेकवली, फुलीकडं बघा म्हणाले, दोन मिनिटात झालं बी. रिपोर्टात पडद्याचे थर अगदी चादरीची घडी बाजूनं बघितल्यासारखे, मधेच फुगवटा, तिथं पाणी साठलंय म्हणे. आता अप्पांनी धोसरा लावलाय की गुडघ्याचं बी असंच उजेडात करा, एक्सरे नको. काय सांगू बे त्यांना? आणि रेडिएशनचं भ्या हाय का?

चष्मेवाली: एक्सरेवालं रेडिएशन अजिबात नाही ओ, इन्फ्रारेड उजेड असतो, ८४० नॅनोमीटरच्या आसपासचा. सोनोग्राफीसारखंच, पण उजेड इतका फास्ट की कोणत्या थरावरून कधी परत आला ते घड्याळात मोजता येत नाही, म्हणून किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात, एक आरशावर, आणि परतल्यावर दोन्ही जुळवून खोली काढतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी पहिल्यांदा मांडलं हे. ५ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक कळतो, केस त्याच्या कितीतरी पट जाड.

लॅबवाला_दादा: गुडघ्याचं विसरा. अंधारात मोबाईलची टॉर्च बोटाला लावा, बोट लालभडक दिसेल पण हाड दिसणार नाही. लाल आणि इन्फ्रारेड उजेड आरपार जातो (कोरोनात सगळ्यांनी घेतलेलं ऑक्सिमीटर त्यावरच चालतं, ६६० आणि ९४० नॅनोमीटर), पण मांसात इकडंतिकडं आपटून विखुरतो, दुधात टॉर्च मारल्यासारखं. डोळा काचेसारखा स्वच्छ म्हणून तिथं जमतं, कातडीत एक-दोन मिलिमीटरच्या पुढं ओसीटी आंधळं.

सात_रस्ता_सून: आमच्या सासऱ्यांच्या हृदयाच्या नळीत घातलं होतं की ओ हेच! तारेसारखी बारीक फायबर आत सरकवून, स्टेंट नीट चिकटला का ते बघायला.

लॅबवाला_दादा: ताई बरोबर, पण तिथं तेवढ्यापुरतं डाय (नळीत सोडायचं पातळ औषध) सोडून रक्त बाजूला सारावं लागतं, रक्तातून उजेड जात नाही म्हणून. खोल जायचं नाही, जवळ जायचं, असा हिशोब.

पेठेतला_पक्या: रात्री लाईट गेली तेव्हा अप्पांनी खरंच गुडघ्याला टॉर्च लावून बघितली. कातडीवर नुसता लाल गोल. "ह्यात तर काईच दिसंना की रे" म्हणाले. उद्या एक्सरेला नेतोय, डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख गुरुवारची मिळालीय.